वन बीएचकेतली घरभरणी: तीस माणसं, मिसळ आणि पाच हजारांच्या आतला हिशोब

घराची किल्ली हातात येते तेव्हा खात्यात किती उरलेलं असतं ते नुकतं घर घेतलेल्यांना सांगायला नको. डाऊन पेमेंट, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सोसायटीने आगाऊ घेतलेला मेंटेनन्स, पंखे गीझर पडदे सगळं बाकीच, आणि त्यातच फोन सुरू होतात की काय गं, घर कधी दाखवतेयस. आम्ही पुण्यात नऱ्ह्यात वन बीएचके घेतला तेव्हा एका केटररला विचारलं, तो म्हणाला पन्नास ताटांच्या खाली ऑर्डर घेत नाही आणि ताट अडीचशेला, म्हणजे नुसत्या जेवणाचेच साडेबारा हजार आणि आमची माणसं जेमतेम तीस. मग घरीच करायचं ठरवलं. ३१ जण आले, पावणेपाच हजारांच्या आसपास खर्च आला, आणि मी सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसून गरम मिसळ खाल्ली.

हे शेवटचं मुद्दाम सांगतेय. माझ्या चुलत बहिणीच्या घरभरणीला ती सकाळपासून दुपारी तीनपर्यंत पुऱ्या तळत होती, आलेल्यांना तिचं घर फिरवून दाखवलं तिच्या नणंदेने. बहिणीने इतकी वर्षं पैसे साठवून घेतलेलं घर, ते दाखवायचा आनंद तिलाच मिळाला नाही. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की आपल्याकडे कार्यक्रम असा करायचा की घरची बाई आणि घरचा माणूस दोघंही बाहेर हॉलमध्ये दिसले पाहिजेत. खाली जे जे सांगतेय ते सगळं त्या हिशोबाने ठरवलेलं आहे, पैसे वाचले ते त्यातूनच.

आधी हे ठरवा: वास्तुशांत वेगळी, घरभरणी वेगळी

दोन्ही एकाच दिवशी उरकू असं सगळेच म्हणतात पण खर्च तिथेच वाढतो. पूजा म्हटली की गुरुजी, होम, नैवेद्य, मग वरण-भात-पुरी-मसालेभात-गोड असं पूर्ण जेवण आलंच, आणि पूजेला आलेल्या माणसाला मिसळ देऊन पाठवणं कुणाच्याच मनाला पटत नाही. आम्ही आदल्या गुरुवारी सकाळी घरातल्या सहा माणसांत पूजा केली, कलश ठेवला, दूध उतू घातलं, साधं वरण-भात-शिरा जेवलो. बाकी सगळ्यांना रविवारी. घरच्या मोठ्यांना हे आधी समजावून सांगा, आमच्या सासूबाईंना सुरुवातीला रुचलं नव्हतं, पण पूजा शांतपणे झाली, मुहूर्त गाठायला कुणाची वाट बघावी लागली नाही हे बघून त्याच नंतर सगळ्यांना सांगत होत्या.

वेळ: रविवार सकाळी साडेनऊ ते साडेबारा

माझ्या मते बजेटचा अर्धा प्रश्न वेळेनेच सुटतो. संध्याकाळी सातला बोलावलं तर लोक जेवायच्या तयारीने येणार आणि यायलाच हवेत. सकाळी साडेनऊला बोलावलं तर नाश्ता, आणि पुण्यात रविवारी सकाळी मिसळ म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय. शिवाय साडेबाराला लोक आपोआप निघतात, कुणाला उठा म्हणावं लागत नाही, आणि दिवसाउजेडी घर छान दिसतं, लाइटिंगचा खर्च नाही.

तारीख पक्की करायच्या आधी कॅलेंडर काढून एकादशी, संकष्टी बघा. श्रावणात करणार असाल तर अजून नीट बघा, बऱ्याच घरांत तेव्हा कांदा-लसूण बंद असतो आणि मिसळीचा कट कांदा-लसणाशिवाय होत नाही. तारीख नीट निवडली तरी एकदोन जण उपवासाचे निघतातच, त्यांच्यासाठी अर्धा किलो साबुदाण्याची खिचडी करून ठेवायची, त्यात कोथिंबीर घालायची नाही, काहींना उपवासाला कोथिंबीर चालते काहींना नाही.

दुसरं म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी बोलवायचं नाही. आमचा हॉल दहा बाय चौदाचा, त्यात तीस माणसं उभी राहतील पण बसणार नाहीत. नातेवाइकांना साडेनऊ, मित्रमंडळी आणि ऑफिसवाल्यांना अकरा. मधला अर्धा तास दोन्हीकडची माणसं एकत्र असतात तेवढी गर्दी चालते, उलट तीच मजा असते. शेजाऱ्यांना या वेळेला नाही, त्यांचं शेवटी सांगते.

आमंत्रण

दहा दिवस आधी. वयाने मोठ्या माणसांना फोनच करायचा, नुसता मेसेज नाही, मामा-मावशी-आत्या यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावलं तर त्या येतील पण मनात राहतं आणि ते पुढे पाच वर्षं निघत राहतं. फोन करून झाल्यावर मग पत्ता म्हणून मेसेज पाठवायचा. मी पाठवलेला असा होता:

"आमचं नवं घर बघायला आणि मिसळ खायला रविवारी सकाळी नक्की या. वेळ साडेनऊ ते साडेबारा. पार्किंग गेटच्या बाहेर डाव्या हाताला मोकळ्या प्लॉटवर आहे. लिफ्टने चौथा मजला. आहेर, भेटवस्तू खरंच नको, तुम्ही आलात की झालं. किती जण येताय ते बुधवारपर्यंत सांगा म्हणजे पाव तेवढे सांगता येतील."

यातल्या "पाव तेवढे सांगता येतील" या वाक्याने लोकांनी खरंच आकडा कळवला, नुसतं "कळवा" लिहिलं की कुणी कळवत नाही. लोकेशन पाठवताना स्वतः गेटसमोर उभं राहून पिन टाका, नव्या सोसायट्या मॅपवर बरेचदा मागच्या गल्लीत दाखवतात. गेटवरच्या वॉचमनना आदल्या दिवशी सांगून ठेवा, अ‍ॅपवर एंट्री असेल तर सगळ्यांची आधीच टाकून ठेवा, नाहीतर अकरा वाजता तुमचा फोन दर दोन मिनिटांनी वाजत राहतो.

आहेर नको म्हटलं तरी मोठ्या बायका नारळ, ब्लाऊजपीस आणतातच, ते आनंदाने घ्या. दाराजवळ ताटलीत हळदी-कुंकू तयार ठेवा, सवाष्णींना निघताना लावायचं, खर्च शून्य आणि त्यांना बरं वाटतं.

सामान आणि प्रमाण

एकच पदार्थ भरपूर आणि उत्तम, हे माझं ठाम मत. पोहे पण, इडली पण, कटलेट पण असं करायला गेलं की चार पातेली, चार प्रकारची धावपळ, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं उरतं. ३० माणसांच्या मिसळीला मला लागलं ते असं: मटकी दीड किलो, कांदे चार किलो (निम्मे वाटणाला, निम्मे वरून चिरून), सुकं खोबरं चारशे ग्रॅम, लसूण दीडशे आणि आलं शंभर ग्रॅम, कांदा-लसूण मसाला पाव किलो, तेल पाऊण लिटर, लिंबं वीस, कोथिंबिरीच्या दोन मोठ्या जुड्या. फरसाण अडीच किलो, म्हणजे माणशी साधारण ऐंशी ग्रॅम. पाव माणशी चार धरून १२०, मुलं दोनच खातात पण तरुण मुलं सहा खातात, बरोबर होतं. पाव बेकरीत शुक्रवारीच सांगून ठेवायचे आणि रविवारी सकाळी आठला आणायचे, आदल्या दिवशीचे अजिबात नकोत, पाव शिळा असला की मिसळ कितीही चांगली होऊ दे, चव उतरते.

कांदे, लिंबं, कोथिंबीर मी मंडईतून आणली, गल्लीतल्या दुकानापेक्षा स्वस्त पडली. झेंडूही तिथूनच. फरसाण मात्र ओळखीच्या दुकानातूनच आणि आधी चव बघून, खवट तेलाचं निघालं तर सगळं वाया.

ताकासाठी दही विकत आणू नका. शुक्रवारी रात्री तीन लिटर दुधाला विरजण लावलं, शनिवारी सकाळी ते लागल्यावर फ्रीजमध्ये, रविवारी दुप्पट पाणी घालून घुसळलं, आलं-जिरं-मीठ आणि किंचित साखर. तीस ग्लास आरामात होतात. गोडाला जिलेबी दोन किलो, सकाळी ताजी. मठ्ठा-जिलेबी आपल्याकडे सगळ्यांना आवडते, आणि शिऱ्याला तूप लागतं त्याचा हिशोब केला तर जिलेबी स्वस्तच पडते. चहाला दोन लिटर दूध वेगळं.

मटकी आणि कट, इथे घाई नको

मटकी शुक्रवारी सकाळी निवडून भिजवायची. निवडताना ती न भिजणारी, खड्यासारखी कडक मटकी काढून टाकायची, नाहीतर एखाद्याच्या दाताखाली येते. आठनऊ तासांनी संध्याकाळी उपसून सुती पंचात घट्ट बांधून चाळणीत ठेवायची, वर जड झाकण. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच मोड दिसतात, थंडीत मात्र पूर्ण चोवीस तास लागतात, तेव्हा गाठोडं उबेच्या जागी, बंद ओव्हनमध्ये किंवा ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायचं. मोड अर्ध्या बोटाएवढे आले की फ्रीजमध्ये, नाहीतर ते लांबत जातात आणि उग्र वास येतो.

कट शनिवारी संध्याकाळी करून ठेवायचा, रात्रभर मुरला की चव दुप्पट होते. उभे चिरलेले कांदे लोखंडी कढईत थोड्या तेलावर चांगले काळपट तांबूस होईपर्यंत परतायचे, वीसेक मिनिटं तरी जातात, इथे कंटाळून कांदा गुलाबीवर काढला तर कट गोडूस लागतो आणि नंतर कितीही मसाला घातला तरी सुधारत नाही. खोबरं वेगळं भाजायचं, मंद आचेवर. मग आलं-लसणासकट वाटायचं. घरच्या मिक्सरला तीस माणसांचं वाटण पाचसहा घाण्यांत होतं, आणि नव्या बिल्डिंगमध्ये मिक्सरचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो म्हणून हे रात्री नऊच्या आत उरकायचं.

मोठ्या पातेल्यात तेल तापवून गॅस अगदी बारीक करायचा, मग मसाला आणि रंगापुरतं बेडगी मिरचीचं तिखट घालून लगेच वाटण टाकायचं. मसाला तेलात जळला तर कट कडू होतो, तेव्हा वाटण हाताशी तयार ठेवूनच मसाला घाला. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग आठ-नऊ लिटर गरम पाणी, मीठ, आणि अर्धा तास उकळू द्यायचं. गार होताना वर जी लाल तर्री येते ती डावाने काढून वेगळ्या वाडग्यात ठेवायची. हे महत्त्वाचं आहे. कट मध्यम तिखट ठेवायचा आणि तर्री ज्याची त्याने घ्यायची, त्यामुळे कोल्हापूरचा मेहुणा पण खूश आणि आजी पण खूश.

रविवारी सकाळी सातला मटकीची उसळ. फोडणी, हळद, मटकी, पाणी अगदी बेताचं, आणि थोडा मसाला शेवटी. कुकरला लावू नका, लगदा होतो. बोटाने दाबली की दबली पाहिजे पण फुटता कामा नये. मसाला घालायच्या आधी लहान मुलांपुरती दोन वाट्या पिवळी उसळ बाजूला काढून ठेवायची, दह्याबरोबर मुलं आवडीने खातात.

आणि गॅस बघा. आमच्या बिल्डिंगला पाइप गॅस अजून आला नव्हता, जुन्या घरातून आणलेला सिलिंडर किती भरलेला आहे याचा अंदाज नव्हता, म्हणून नवऱ्याने आईकडचा भरलेला सिलिंडर आदल्या रात्रीच आणून ठेवला. सकाळी साडेआठला पहिला संपला. दुसरा नसता तर काय झालं असतं याचा विचार नको वाटतो.

भांडी, ताटं, पाणी

दोन मोठी पातेली, डाव, ट्रे आणि दहा खुर्च्या मंडपवाल्याकडून आणल्या, ३२० रुपये भाडं झालं. घेताना प्रत्येक भांडं मोजून, पोचे बघून, फोटो काढून घ्या.

ताटांचं सांगते. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या एकदा वापरून फेकायच्या ताट-वाट्या-चमच्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसंही मिसळ त्यात बरी लागत नाही. पानांचे द्रोण मी आधी आणून बघितले, गरम कट ओतल्यावर पाच मिनिटांत खालून पाझरायला लागले आणि सतरंजी खराब झाली असती. म्हणून सरळ स्टीलच्या खोलगट डिश आणि वाट्या, आई, नणंद आणि समोरच्या काकूंकडून मिळून चाळीस जमवल्या. प्रत्येक घराच्या भांड्याच्या मागे वेगळ्या रंगाच्या नेलपेंटचा ठिपका लावला, परत देताना गोंधळ झाला नाही. घासायला आमच्या कामवाल्या मावशींना रविवारी साडेदहा ते दीड या वेळेचे पाचशे रुपये आधीच बोलून ठरवले आणि त्यांना पहिली गरम मिसळ आपल्याबरोबर बसवून दिली. हा खर्च कापू नका. दुसरीकडे शंभर-दोनशे वाचवा पण भांडी घासायला माणूस हवाच, नाहीतर तुम्ही परत सिंकपाशी.

स्टील म्हणजे पाणी लागणार. टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर शनिवारी रात्री बाथरूममधला पिंप आणि दोन बादल्या भरून ठेवा. प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार पुरतात.

घराची मांडणी

सोफा, टीपॉय असेल तर बेडरूममध्ये सरकवा आणि हॉलमध्ये सतरंजी, चटया, भिंतीला टेकून उशा. खुर्च्या फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी, त्याही दाराजवळ नकोत, पंख्याखाली. वाढप ओट्यावर, एकाच दिशेने: डिश, उसळ, फरसाण, मग कट. कट मात्र कुणीतरी एकाने उभं राहून वाढायचा, पाहुण्यांनी डाव घेतला की ओटा आणि शर्ट दोन्ही रंगतात. आमच्याकडे भाच्याने हे काम घेतलं, अर्ध्या तासाने दिराने, असं आळीपाळीने ठरवून ठेवा. कांदा, लिंबू, पाव आणि ताक मात्र हॉलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे दुसऱ्यांदा पाव घ्यायला आलेला माणूस रांगेत घुसत नाही.

चपलांसाठी दाराबाहेर जुनी चादर अंथरा आणि शेजारच्याचं दार, जिना मोकळा राहील असं बघा. बाथरूममध्ये साबण, मग, कोरडा टॉवेल, छोटा डस्टबिन.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. नव्या फ्लॅटला खिडक्यांना ग्रिल अजून बसवलेली नसतात, स्लाइडिंग काच नुसती सरकते. लहान मुलं येणार, बेडरूममध्ये गादीवर उड्या मारणार, आणि गादी खिडकीलगत असते. मुलं यायच्या आधी त्या खिडक्या लॉक करा, पलंग खिडकीपासून लांब ओढा, बाल्कनीचं दार बंद आणि तिथे एक खुर्ची टाकून घरातलं मोठं माणूस बसवा. लिफ्टमध्ये मुलांना एकटं सोडू नका. यात एक रुपया लागत नाही, पण हे मी सगळ्यात आधी करेन.

सजावट म्हणाल तर दोन किलो झेंडू आणि आंब्याचे टाळे, शनिवारी संध्याकाळी कट उकळत असताना मुलांना घेऊन तोरण ओवलं. दारात रांगोळी. बास. फुगे, बॅनर लागत नाहीत, नव्या रंगाचा वास आणि झेंडूचा वास मिळून घर आपोआप सणासारखं वाटतं. दसरा-दिवाळीच्या आसपास असेल तर झेंडू महाग होतो, तेव्हा नुसते आंब्याचे टाळे पण छान दिसतात.

त्या दिवशी

सातला उसळ, आठला पाव-जिलेबी, साडेआठला ताक, आणि नऊला आंघोळ करून तयार. नऊनंतर स्वयंपाकघरात काहीही नवीन सुरू करायचं नाही असा नियम घाला. कटाची दोन पातेली मंद आचेवर, बाकी सगळं ओट्यावर. येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी घर दाखवायचं, मग खायला. आमच्या मामांना मी स्वयंपाकघरातली ती पूर्वेची खिडकी दाखवली, ते तिथे दोन मिनिटं नुसते उभे राहिले, म्हणाले तुझ्या आजीच्या चाळीत ऊन आत यायचंच नाही गं.

पैसे कुठे गेले

मिसळीचं सामान हजार-पन्नास, फरसाण आणि पाव ११४०, ताक-चहा साडेचारशे, जिलेबी ५६०, भाड्याची भांडी-खुर्च्या ३२०, मावशींना ५००, फुलं-रांगोळी २२०, पाण्याचे जार १००, साबुदाणा-दाणे दीडशे, रिक्षा आणि किरकोळ तीनशे. एकूण ४,७९०. भाव इकडेतिकडे होतात, शहरागणिक बदलतात, त्यामुळे तुम्ही तुमच्या यादीवर दहा टक्के वर धरूनच चाला.

काय उरलं तर सात-आठ पाव, एक वाडगं कट आणि मूठभर फरसाण. वॉचमनकाकांना आणि सफाईच्या ताईंना अकरा वाजताच डिश पोचवल्या होत्या, उरलंसुरलं देतोय असं त्यांना वाटायला नको. कट फ्रीझरमध्ये टाकला, पुढच्या आठवड्यात उपयोगी पडला.

शेजाऱ्यांना त्याच दिवशी संध्याकाळी सहाला चहाला बोलावलं, मजल्यावरची तीनच घरं, चहा, जिलेबी आणि चिवडा. सकाळच्या गर्दीत ते नवखे म्हणून कोपऱ्यात बसले असते, संध्याकाळी मात्र दीड तास गप्पा झाल्या, टँकर कधी येतो, कचऱ्याची गाडी कधी, दूधवाला कोणता चांगला, सगळं कळलं. आणि समोरच्या काकूंच्या वाट्या-डिश तेव्हाच परत दिल्या. भांडं रिकामं परत द्यायचं नाही असं आई नेहमी सांगते, म्हणून वरच्या वाटीत दोन जिलेब्या ठेवल्या, काकूंनी दुसऱ्याच दिवशी ती वाटी पुन्हा आमच्याकडे पाठवली, त्यात लिंबाचं लोणचं होतं.